एका घटस्फोटासाठी दोन हुकूमनामे

१७ जानेवारी २०२५ ला आमचा घटस्फोट झाला, दोघांच्या संमतीने. पण जुलै २०२४ मध्ये वकिलांकडे पहिली फेरी मारल्यापासून बिनचूक हुकूमनामा, म्हणजे घटस्फोट दिल्याचा कोर्टाचा अंतिम आदेश, हातात पडेपर्यंत आठ महिने गेले. त्यातले पहिले अडीच महिने तर माझ्या नवऱ्याच्या पहिल्या घटस्फोटाचा कागद शोधण्यातच संपले. त्या दिवसांत मी रात्री मुलगी झोपली की मोबाइल घेऊन बसायचे. सापडायची ती एकतर कलमांची जंत्री, नाहीतर वकिलांच्या जाहिराती. कोणत्या टेबलाशी जाऊन काय मागायचं, हे कुठेच मिळालं नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. गावांची आणि माणसांची नावं दिलेली नाहीत. आमची मुलगी नऊ वर्षांची आहे, उद्या तीही हे वाचेल.

आमचं लग्न २०१२ मधलं. माझं पहिलं, त्याचं दुसरं. त्याचं आधीचं लग्न दोनेक वर्षंच टिकलं होतं. "कोर्टातून सगळं रीतसर झालंय," असं बैठकीत माझ्या बाबांना सांगितलं होतं आणि एक झेरॉक्सही दाखवली होती. तिच्यावर दोघांच्या सह्या होत्या, वकिलांचा शिक्का होता. बाबांनी ती वाचली, घडी करून परत दिली. पुढे बारा वर्षं त्या कागदाची कुणाला आठवण झाली नाही.

जानेवारी २०२३ पासून आम्ही वेगळे राहू लागलो. का, ते आमच्या दोघांपुरतं राहू दे. दीड वर्षात बोलणी होत होत जून २०२४ पर्यंत सगळं ठरलं होतं: मुलगी माझ्याकडे राहील, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी-रविवारी बाबाकडे जाईल, आणि मला एकरकमी पोटगी दोन हप्त्यांत मिळेल. अवघड भाग संपला, आता फक्त सह्या उरल्या, असं आम्हाला दोघांनाही वाटत होतं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वकीलबाईंकडे गेले. सोबत लग्नपत्रिका, दोन फोटो, दोघांची आधार कार्डं, विवाह नोंदणीचा दाखला आणि नोंदणीच्या वेळी भरलेल्या अर्जाची झेरॉक्स नेली होती. बाईंनी सगळं चाळलं आणि त्या झेरॉक्सवर बोट ठेवलं. वराच्या स्थितीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'घटस्फोटित'.

"यांच्या पहिल्या हुकूमनाम्याची प्रत कुठे आहे?"

मी ती बैठकीतली झेरॉक्स पुढे केली. ती त्याने घरातून शोधून मला दिली होती. बाईंनी ती दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "हा हुकूमनामा नाही. ही पुरसीस आहे."

हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. पुरसीस म्हणजे पक्षकाराने किंवा त्याच्या वकिलाने कोर्टाला लेखी दिलेलं निवेदन. 'आमची तडजोड झाली आहे, संमतीने घटस्फोट मिळावा' असं दोघांनी कोर्टाला कळवलं, एवढंच त्या कागदावरून दिसत होतं. त्यावर कोर्टाने काय केलं, ते त्यात नव्हतंच. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम ५ प्रमाणे लग्नाच्या वेळी दोघांपैकी कुणाचाही आधीचा जोडीदार हयात असता कामा नये. म्हणजे आधीचं लग्न झालेलं असेल, तर ते कायद्याने संपलेलं हवं. ते संपलं नसेल तर कलम ११ प्रमाणे दुसरं लग्न मुळातच शून्य ठरतं, आणि मग मागायचा तो घटस्फोट नसतो, लग्न शून्य असल्याची घोषणा मागावी लागते. अर्जही वेगळा, मागणीही वेगळी.

त्या खुर्चीत बसल्या बसल्या माझे हात गार पडले. बारा वर्षांचा संसार, मोडायला निघालेला का असेना, माझा होता. तो कधी झालाच नव्हता असं कुणी म्हणू शकेल, हे मला सहनच होईना. पहिला प्रश्न तोंडातून निघाला तो मुलीबद्दल. बाईंनी लगेच सांगितलं, की लग्न शून्य ठरलं तरी कलम १६ प्रमाणे त्या लग्नातलं मूल औरसच असतं, तिच्या कायदेशीरपणाला कुठेही धक्का लागत नाही. माझ्यासारख्या स्थितीत कुणी असेल तर हे आधी लक्षात घ्या. मला ते तेव्हाच्या तेव्हा कळलं म्हणून मी त्या रात्री झोपू शकले.

इथे आणखी एक सांगायला हवं. आमच्याच नात्यात दोन घरांत स्टॅम्प पेपरवर 'सोडचिठ्ठी' लिहून, नोटरीचा शिक्का मारून लग्न मोडल्याचं मला ठाऊक आहे. तो कागद म्हणजे घटस्फोट नव्हे. काही समाजांत रूढीने काडीमोड होतो आणि कलम २९ मध्ये अशा रूढीला जागा ठेवलेली आहे. पण कुणी हरकत घेतली की ती रूढी आपल्या समाजात खरोखर चालत आलेली आहे, हे पुराव्याने शाबीत करावं लागतं. नोटरीच्या शिक्क्याने तिथे काही साधत नाही.

मग शोध सुरू झाला. पहिल्या खटल्यातले त्याचे वकील वारले होते, त्यांच्या मुलाने कार्यालय बंद करताना जुन्या फायली काढून टाकल्या होत्या. सासूबाईंच्या ट्रंकेत लग्नाचे अल्बम निघाले, कोर्टाचा कागद एकही निघाला नाही. त्याला आठवत होतं ते इतकंच, की २००९ च्या उन्हाळ्याआधी शेवटची तारीख होती, साहेबांनी दोन-तीन प्रश्न विचारले आणि वकील म्हणाले, झालं, आता या. प्रत कुणी मागितलीच नव्हती. त्याच्यावर चिडावं असं खूप वाटलं. पण तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि कोर्टाच्या आवारातून कधी एकदा बाहेर पडतो असं त्याला झालं होतं. पुढे मी स्वतः त्या पायऱ्या उतरले, तेव्हा ते मला पटलं.

त्याच काळात एका जाहिरातीवरून फोन केला. 'घटस्फोट प्रमाणपत्र' आठ दिवसांत काढून देतो, पाच हजार द्या, असं पलीकडचा माणूस म्हणाला. वकीलबाईंना विचारलं म्हणून पैसे वाचले. जन्म-मृत्यूच्या दाखल्यासारखा घटस्फोटाचा दाखला आपल्याकडे नसतो, आणि देशभरातल्या घटस्फोटांची एकत्र नोंदवहीही नाही. ज्या कोर्टाने घटस्फोट दिला, त्याच कोर्टाच्या दप्तरात तो सापडतो. त्या कोर्टाच्या सही-शिक्क्याची न्यायनिर्णयाची (म्हणजे कारणांसह लिहिलेल्या निकालाची) आणि हुकूमनाम्याची नक्कल हाच पुरावा.

बाईंच्या सांगण्यावरून ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर शोधायला बसले. राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडायचं, मग पक्षकाराच्या नावाची निदान तीन अक्षरं आणि वर्ष टाकायचं, आणि प्रकरण प्रलंबित की निकाली ते सांगायचं. मी त्याचं नाव आणि २००९ टाकलं. काही आलं नाही. २०१० टाकलं, नाही. चार रात्री हेच चाललं होतं. दोन गोष्टी माझ्या ध्यानात उशिरा आल्या. तिथे वर्ष लागतं ते प्रकरण नोंदवल्याचं, निकालाचं नव्हे. आणि नावं इंग्रजीत भरलेली असतात, त्यामुळे आडनावाचं स्पेलिंग भरणाऱ्याने जसं केलं असेल तसंच द्यावं लागतं. त्याच्या आडनावात एक अक्षर जास्तीचं पडलं होतं. पूर्ण आडनाव न देता पहिली चार अक्षरं आणि २००७ टाकल्यावर यादी उघडली आणि त्यात तो आणि त्याची पहिली बायको, दोघांची नावं दिसली. अर्जदार ती, सामनेवाला तो. तिने २००७ मध्ये एकटीने घटस्फोटासाठी अर्ज केला होता, आणि दोन वर्षांनी त्याच अर्जाचं रूपांतर संमतीच्या अर्जात झालं होतं. पुरसीस त्यासाठीच होती. शेरा होता 'निकाली', पुढे एप्रिल २००९ मधली तारीख.

रात्री पावणेएकला मी त्याला फोन केला. आम्ही दोघंही काही वेळ नुसते फोन धरून होतो.

पण 'निकाली' म्हणजे मंजूरच असं नाही. अर्ज काढून घेतला, दोघं हजर राहिले नाहीत म्हणून काढून टाकला, तरी तो निकालीच दिसतो. निकालपत्र तिथे चढवलेलं नव्हतं. कागद बघितल्याशिवाय अर्ज तयार करणार नाही, हे बाईंनी स्पष्ट सांगितलं, आणि तेच योग्य होतं. पडद्यावरून मी तीन गोष्टी वहीत लिहून घेतल्या: प्रकरणाचा क्रमांक आणि वर्ष, निकालाची तारीख, आणि सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक. पुढे प्रत्येक टेबलावर हेच विचारलं गेलं.

३० ऑगस्टला, शुक्रवारी, आम्ही दोघं सकाळच्या एसटीने शेजारच्या जिल्ह्यातल्या त्या तालुक्याच्या गावी गेलो. त्याने एकट्याने जावं असं आधी ठरलं होतं, कारण पक्षकार तो होता आणि पक्षकाराला नक्कल मिळायला अडचण नसते. तिऱ्हाईताने मागितली तर कारण द्यावं लागतं, प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. पण तो कागद त्याच्याइतकाच माझाही आहे, असं मला वाटत होतं. बसमध्ये शेजारी बसून आम्ही मुलीच्या गणिताबद्दल बोललो. दीड वर्षात इतका वेळ सलग शेजारी बसलो नव्हतो.

तिथे कळलं की जुनी निकाली प्रकरणं तालुक्याहून जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात गेली आहेत. म्हणजे दिवस वाया. जायच्या आधी एक फोन केला असता तर कळलं असतं. तुम्ही जरूर करा, आणि 'अमुक साली निकाली झालेलं रेकॉर्ड सध्या तुमच्याकडेच आहे का' असं नेमकं विचारा.

४ सप्टेंबरला जिल्ह्याच्या कोर्टात गेलो. नक्कल विभागात छापील अर्ज मिळाला. प्रकरण क्रमांक, पक्षकारांची नावं, निकालाची तारीख आणि कोणकोणते कागद हवेत ते भरायचं, कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, अंदाजे रक्कम आगाऊ भरायची आणि पावती जपायची. 'कागद' या रकान्यात आम्ही 'सर्व' लिहायला निघालो होतो. तिथल्या कारकुनांनी थांबवलं. "सगळं कशाला मागता? न्यायनिर्णय आणि हुकूमनामा मागा. पानं कमी, काम लवकर." शिवाय प्रकरणातले सगळेच कागद सारख्या मुदतीसाठी ठेवत नाहीत, काही ठराविक वर्षांनी नष्ट करतात, हेही त्यांनीच सांगितलं. हुकूमनामा आहे की नाही ते गठ्ठा सोडल्यावरच कळणार होतं.

अभिलेख कक्षाच्या दारातून आतल्या मांडण्या दिसत होत्या. लाल कापडात बांधलेले गठ्ठे, प्रत्येकाला चिठ्ठी. ते निकालाच्या महिन्याप्रमाणे लावलेले होते, म्हणून निकालाची तारीख हवी होती. नुसत्या नावावर इतक्या गठ्ठ्यांत कुणी किती शोधणार! तिथल्या शिपाईकाकांनी एप्रिल २००९ चा गठ्ठा खाली घेतला. त्यात ते प्रकरण नव्हतं. "मेमध्ये बघू का?" असं तेच म्हणाले आणि शिडी सरकवली. तिथेही नव्हतं. माझा जीव खाली-वर होत होता. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा बोलावलं. मार्चच्या गठ्ठ्यात चुकून बांधलं गेलं होतं. काकांनी वरचं पान बघून मान हलवली आणि म्हणाले, "हाय, मंजूर हाय." मी तिथेच भिंतीला टेकून रडले. त्याने पाण्याची बाटली पुढे केली.

नक्कल २० सप्टेंबरला मिळाली. सगळा खर्च दोनशे रुपयांच्या आत. घाई असेल तर तातडीच्या नकलेसाठी जास्त फी भरून अर्ज करता येतो, आम्ही साधीच मागितली होती.

न्यायनिर्णय चार पानांचा होता. मी तो घरी येऊन वाचला. अर्जदाराचं वय २४ वर्षं, धंदा घरकाम. तिचं म्हणणं दोन परिच्छेदांत संक्षेपाने दिलं होतं. त्यातल्या एका वाक्याशी मी अडखळले, कारण जवळजवळ त्याच शब्दांत मी वकीलबाईंना माझं म्हणणं सांगितलं होतं. ते वाक्य इथे देणार नाही, ते तिचं आहे. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'उभयतांमध्ये समेट होण्याची शक्यता दिसून येत नाही.'

आता आमचा अर्ज. संमतीचा घटस्फोट हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली मागतात. अर्जाआधी निदान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. वेगळं राहणं म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं. अर्ज कुठे करायचा यालाही पर्याय असतात: लग्न जिथे लागलं, दोघं शेवटचं एकत्र जिथे राहिलो, किंवा सामनेवाला जिथे राहतो ते ठिकाण. २००३ च्या दुरुस्तीपासून पत्नी स्वतः अर्जदार असेल तर ती सध्या राहते तिथेही अर्ज करता येतो. आम्ही माझ्या गावच्या कोर्टात केला. आमच्याकडे कौटुंबिक न्यायालय नाही, त्यामुळे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे. पुण्या-मुंबईसारख्या ठिकाणी कौटुंबिक न्यायालय असतं. तिथे १९८४ च्या कायद्याप्रमाणे वकील देणं हा पक्षकाराचा हक्क मानत नाहीत, कोर्टाची परवानगी लागते, आणि पक्षकाराने स्वतः बोलावं अशी अपेक्षा असते.

वकिलांची फी दोघांची मिळून तीस हजार ठरली, निम्मी-निम्मी वाटून घेतली. मला फार उशिरा कळलेली गोष्ट अशी, की विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळू शकतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे साधा अर्ज करायचा. महाराष्ट्रात घटस्फोट, पोटगी, मालमत्ता आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत बायकांना कोर्ट फीही माफ आहे, १९९४ पासून. पैसे नाहीत म्हणून कुणी मनातल्या मनात थांबली असेल, तर तिच्यापर्यंत एवढं तरी पोचू दे.

तडजोडीच्या अटी लिहिताना आम्ही तीन वेळा मसुदा बदलला. पहिल्या मसुद्यात 'मुलीला भेटण्याचा हक्क राहील' एवढंच होतं. बाईंनी खोदून विचारलं: दिवाळीची सुट्टी कुणाकडे? उन्हाळ्याची? आणायला-सोडायला कोण जाणार? आजारी असली तर? शाळेची फी वाढली तर? पासपोर्ट काढायचा झाला तर सही कोण देणार? तेव्हा हे प्रश्न चिवट वाटले, पण त्यातल्या दोन प्रश्नांची वेळ गेल्या दोन महिन्यांतच आली आणि वाद न होता उत्तर कागदावर सापडलं. माझं स्त्रीधन, एकत्र काढलेली मुदत ठेव, त्याच्या विम्यातलं माझं नामनिर्देशन हे सगळं एकेका ओळीत लिहून घेतलं.

७ ऑक्टोबर २०२४ ला अर्ज दाखल झाला. दोघांच्या सह्या, दोघांची प्रतिज्ञापत्रं, पहिल्या घटस्फोटाच्या नकला सोबत. १० तारखेला साहेबांपुढे उभे राहिलो. त्याआधी तीन तास बाकावर बसून होतो, कारण बोर्डावर आमचा नंबर अडतिसावा होता. पुकारा झाला तेव्हा मोठ्याने नावं घेतली गेली, नवऱ्याचं पूर्ण नाव, माझं पूर्ण नाव. माझ्या पोटात कालवलं. आत गेल्यावर साहेबांनी शांतपणे विचारलं: कुणाचा दबाव आहे का? अटी वाचल्यात का, समजल्या का? मुलगी कुठे आहे आत्ता? शाळेत, म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि प्रकरण मध्यस्थीकडे पाठवलं. समेटाचा प्रयत्न करून बघणं हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ प्रमाणे कोर्टाचं कर्तव्यच आहे, तेव्हा 'ठरलंय तर पुन्हा कशाला' असं वाटून घेऊ नका. तारीख मिळाली २० नोव्हेंबर.

पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन तीच मागणी करायची, असं १३ ब मध्ये आहे. मात्र सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या प्रकरणात सांगितलं, की हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं. त्यासाठी अर्जाआधीच दीड वर्षाचं वेगळेपण झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत, आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे खरोखर मिटलेलं असावं. पहिल्या अर्जानंतर आठवड्याने अशी विनंती करता येते. आम्हाला एकवीस महिने झाले होते. २१ ऑक्टोबरला बाईंनी तो अर्ज दिला.

मधल्या काळात विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि मतदान नेमकं २० नोव्हेंबरला आलं. सुट्टी. आमची तारीख ४ डिसेंबरवर गेली. ऐकायला दोन आठवडे, पण त्या चौदा दिवसांत आईने सहा वेळा विचारलं, "अगं, देवच थांबवतोय असं नाही ना?" तिच्या मनात काय होतं ते मला कळत होतं. मी तिला काही बोलले नाही.

मध्यस्थी दोनदा झाली, ४ आणि १८ डिसेंबर. मध्यस्थ एक ज्येष्ठ वकील होत्या. आधी दोघांशी एकत्र, मग एकेकट्याने बोलल्या. मी धास्ती घेऊन गेले होते, की आता संसार कसा टिकवावा हे ऐकावं लागेल. तसं काही झालं नाही. त्यांनी मला विचारलं, "पाच वर्षांनी कुठे असेन असं वाटतं?" या दोन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तिथे झालेलं बोलणं गोपनीय असतं, कोर्टाकडे जातो तो फक्त समेट झाला की नाही एवढाच अहवाल.

३ जानेवारीला पुन्हा तारीख. साहेबांनी अटी वाचल्या आणि विचारलं, पोटगीचा दुसरा हप्ता दिला का? नव्हता दिला, तो मार्चमध्ये द्यायचा असं आमचं आपसात ठरलं होतं. साहेब म्हणाले, मग सगळं मिटलंय असं कसं म्हणता? पूर्ण करून या. ते ऐकताना वाईट वाटलं, पण त्या एका प्रश्नामुळे माझी रक्कम दोन महिने आधी आली. त्याने पतपेढीतून कर्ज उचलून धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) काढला. १७ जानेवारीला तो कोर्टात माझ्या हातात दिला, रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या दर तारखेच्या कामकाजाच्या नोंदीत, तसं लिहिलं गेलं, आम्ही दोघांनी पुन्हा प्रतिज्ञापत्रावर जबाब दिले आणि सहा महिन्यांची अट माफ होऊन संध्याकाळी साडेचारला अर्ज मंजूर झाला. बाहेर आल्यावर काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना. तो म्हणाला, "शनिवारी तिला घ्यायला दहाला येतो." मी बरं म्हटलं. बस लागली होती, मी चढले आणि खिडकीशी बसून राहिले.

कलम २३ मधल्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोघांनाही विनामूल्य मिळते. ती मागून घ्या. शिवाय मी दोन जास्तीच्या नकला काढल्या. बँक, पॅन, आधार, विमा, मुलीची शाळा, प्रत्येक जण मूळ नक्कल बघायला मागतो, आणि एकच प्रत घेऊन फिरताना ती कुठे राहिली तर काय, याची सतत धाकधूक असते.

प्रत ४ फेब्रुवारीला हातात आली आणि मी ती पिशवीत टाकून घरी आले. रात्री वाचताना बघते तर लग्नाचं साल २०१२ च्या जागी २०२१ पडलेलं. मुलगी २०१५ ची! टंकनाची चूक, पण त्या एका आकड्याने पुढे किती ठिकाणी खुलासे करावे लागले असते. दुसऱ्या दिवशी वकीलबाईंना फोन केला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली अशा लेखनिक चुका दुरुस्त करून मागता येतात. अर्ज दिला, त्याची संमती घेतली, मार्चमध्ये दुरुस्तीचा आदेश झाला आणि नवी नक्कल मिळाली. नक्कल हातात आली की खिडकीपासून हलण्याआधी नावं, वडिलांची नावं, तारखा आणि सालं बोट ठेवून वाचा. नव्या प्रतीतलं शेवटचं पान वाचताना ते वाक्य पुन्हा भेटलं, सोळा वर्षांपूर्वीच्या शब्दांशी शब्द जुळणारं: उभयतांमध्ये समेट होण्याची शक्यता दिसून येत नाही.

माझा एकूण खर्च धरला तर वकिलांच्या फीतला निम्मा वाटा पंधरा हजार, प्रतिज्ञापत्रं, झेरॉक्स आणि नकला मिळून दीड-दोन हजार, आणि एसटीचं भाडं. बिनपगारी रजा अकरा. त्या रजा मला सगळ्यात जड गेल्या.

एप्रिलमध्ये त्याचा फोन आला. पहिल्या हुकूमनाम्याची नक्कल माझ्याकडेच राहिली होती, ती मिळेल का, असं विचारत होता. मी एक प्लास्टिकची फाइल आणली. त्यात ती नक्कल, आमच्या दुरुस्त हुकूमनाम्याची एक प्रत आणि वर दोन्ही प्रकरणांचे क्रमांक व निकालाच्या तारखा लिहिलेला कागद ठेवला. पाकीट रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पावती माझ्या फायलीत लावली आहे.